बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल : नियमातून जन्मलेली हलकी कूपे

टूरिंग-कार शर्यतीत उतरणारी मोटार बाजारात विकल्या जाणाऱ्या नमुन्याचीच असावी लागते. ठरावीक संख्येने गाड्या बांधून त्या नमुन्याची मोटार-क्रीडा महासंघाकडे नोंद करून घेणे, म्हणजे स्पर्धामान्यता. मोटारवाले तिला होमोलोगेशन म्हणतात. या मान्यतेपुरत्याच बांधलेल्या गाड्यांमध्ये म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीच्या ३.० सीएसएलचे स्थान फार वरचे आहे.

तिची मूळ गाडी, ३.० सीएस, ही ऐटबाज पण जड प्रवासी कूपे होती. युरोपीय टूरिंग-कार स्पर्धेत फोर्डची काप्री वरचढ ठरत होती. म्हणून १९७२ मध्ये बीएमडब्ल्यूने फोर्डच्या शर्यत-पथकाचे प्रमुख योखेन नेअरपाश यांनाच आपल्याकडे आणले आणि त्याच वर्षी सीएसएल बाजारात आली.

वजन घटवण्याचे काम कसोशीने झाले. सांगाड्याला पातळ पत्रा वापरला; दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले; आवाजरोधक थर गाळले. सुमारे २०० किलो भार उतरला. ब्रिटनमधील ५०० ग्राहकांना मात्र गाडीत पुष्कळशा सुखसोयी परत देण्यात आल्या, म्हणजे हलकेपणाचा मूळ हेतूच काहीसा बारगळला.

इंजिन आधी २,९८५ घन सेंटिमीटरचे होते. सिलिंडरचा व्यास ८९ वरून ८९.२५ मिलिमीटर करताच ते ३,००३ झाले आणि गाडी तीन लिटरांवरील वर्गात गेली. तेथे शर्यतीसाठी इंजिन आणखी वाढवण्यास वाव होता. १९७३ च्या उन्हाळ्यात मागचा उंच पंख आला. जर्मन रस्त्यांवर त्याला परवानगी नव्हती, म्हणून तो डिकीत ठेवून गाडी ग्राहकाच्या स्वाधीन केली जाई. नियमाचे पालन आणि नियमाला बगल, दोन्ही एकाच डिकीत! १९७३ मध्ये आणि पुढे १९७५ ते १९७९ सलग, युरोपीय विजेतेपद सीएसएलच्या चालकांनी मिळवले.

आज या गाड्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्या कारागिराला हाच हलकेपणा छळतो. पातळ पत्रा लवकर गंजतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम जेथे भिडतात तेथे ओलाव्याने विद्युत-रासायनिक झीज होते. शिवाय साध्या सीएसला सीएसएलचा साज चढवणारेही आहेत, त्यामुळे जाणकार रंगाआधी सांगाड्याचा क्रमांक तपासतात.