गाडी रस्त्याला धरून राहावी म्हणून

बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाताना गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या हमखास लागतात. ट्रॉलीला मागे टाकताना गाडी हेलकावली, की मागे बसलेल्या अम्मींचा आणि मुलांचा जीव घाबरतो. धोकाही नेमका तिथेच असतो.

आमच्या गाडीचे असे होऊ लागले, तेव्हा एका गॅरेजने गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा सुचवल्या. आम्ही आधी नीट चौकशी केली.

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. तिची उसळी थोपवण्याचे काम शॉकअब्सॉर्बर करतो. तो निकामी झाला, की चाकाची रस्त्यावरची पकड सुटते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. ती दोन-तीनदा उसळत राहिली किंवा शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसले, तर मेकॅनिकला दाखवा. बदलायचे झाल्यास पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, जोडीनेच बदला. सोबत रबरी बुश, बॉल जॉइंट तपासून व्हील अलाइनमेंट करून घ्या. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा.

खाली घेतलेली गाडी गतिरोधकावर घासते आणि कडक स्प्रिंगांचे हादरे वडीलधाऱ्यांच्या कंबरेला बसतात. शिवाय मूळ रचनेतील बदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ची बंधनेही आहेत.

आम्ही कंपनीच्या मापाचेच शॉकअब्सॉर्बर बसवले. वेग वाढवण्यासाठी नव्हे, घरची माणसे सलामत पोहोचावीत म्हणून.