आभासी यंत्रातील ऑपरेटिंग सिस्टीम : स्थापनेतील अडचणी व त्यांचे निवारण

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कार्यालयातील संगणक आता नोंदवहीइतकाच आवश्यक झाला आहे. जमाखर्च, दाखले, विद्यार्थ्यांची माहिती या सर्वांची भिस्त त्याच्यावर असते. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आवश्यक असून अनेक जुन्या संगणकांत ती नाही. असे यंत्र बाद करावे, की त्यावर लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली बसवावी, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यात तुमसरपासून लाखांदूरपर्यंत जेथे जेथे जुने संगणक वापरात आहेत, तेथे विचारात घ्यावा लागेल.

धानाचे नवे वाण सर्व शेतात लावण्यापूर्वी जाणता शेतकरी ते एका बांधीत लावून पाहतो. संगणकाच्या बाबतीत अशी बांधी म्हणजे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन होय.

आभासी यंत्र म्हणजे काय?

चालू संगणकाच्या स्मृतीचा व साठवणुकीचा काही भाग वेगळा काढून त्यात दुसरा संगणक असल्याचा आभास निर्माण करणारी ही व्यवस्था आहे. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर केली होती. आज व्हर्च्युअलबॉक्ससारख्या विनामूल्य प्रोग्रॅममुळे ही सोय सामान्य संगणकावरही उपलब्ध आहे. आतील प्रणाली बिघडली तरी मूळ संगणकावरील नोंदींना सहसा धक्का लागत नाही. मात्र स्थापनेच्या वेळी पडद्यावर उमटणाऱ्या सूचनांनी गोंधळून अनेकजण प्रयत्न सोडून देतात. वस्तुतः बहुतेक चुका चारपाच प्रकारांत मोडतात आणि त्या क्रमाने तपासल्यास दूर होतात.

पहिली तपासणी : प्रोसेसर

‘व्हीटी-एक्स बंद आहे’ अशी सूचना आल्यास, अथवा यादीत ६४ बिटची प्रणाली न दिसता केवळ ३२ बिटचीच दिसल्यास, दोष प्रणालीत नसतो. आभासी यंत्राला लागणारी प्रोसेसरमधील सोय बंद ठेवलेली असते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तिला व्हीटी-एक्स, तर एएमडीच्या प्रोसेसरमध्ये एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम म्हणतात. संगणक सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी त्या यंत्राला लागू असणारी कळ दाबून बायोसमध्ये जावे व ही सोय चालू करावी. विंडोजची स्वतःची हायपर-व्ही व्यवस्था चालू असल्यास व्हर्च्युअलबॉक्स मंदावतो आणि त्याच्या खिडकीच्या तळाशी हिरव्या कासवाचे चिन्ह दिसते. ती व्यवस्था बंद करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

दुसरी तपासणी : स्थापनेची फाइल

नवी प्रणाली आयएसओ नावाच्या एका मोठ्या फाइलच्या रूपाने उतरवून घ्यावी लागते. मध्येच वीज किंवा जोडणी खंडित झाली, तर फाइल अपुरी राहते आणि स्थापना अर्ध्यावर थांबते. यासाठी प्रकाशकाने दिलेला एसएचए-२५६ हा ६४ चिन्हांचा अंक आपल्या फाइलच्या अंकाशी ताडून पाहावा. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने तो काढता येतो. एका चिन्हाचाही फरक आढळल्यास फाइल पुन्हा उतरवून घ्यावी.

तिसरी तपासणी : आरंभाचा क्रम

‘आरंभ करण्याजोगे माध्यम सापडले नाही’ या अर्थाची सूचना आल्यास, आयएसओ फाइल आभासी यंत्राच्या ऑप्टिकल ड्राइव्हला जोडलेली नाही असे समजावे. ‘स्टोरेज’ या विभागात जाऊन ती जोडावी. याउलट, स्थापना पूर्ण होऊनही प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून सुरू होत असेल, तर तीच फाइल काढून टाकावी.

चौथी तपासणी : जागा व स्मृती

उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी ४ जीबी स्मृती व २५ जीबी जागा सुचविण्यात आली आहे. मूळ संगणकातच ४ जीबी स्मृती असेल, तर ती सर्व आतील यंत्राला देता येत नाही. दोन्ही यंत्रे अडखळतात. अशा वेळी ८ जीबी स्मृतीच्या संगणकावर चाचणी घ्यावी किंवा हलकी प्रणाली निवडावी.

एक गंभीर इशारा

स्थापनेत ‘डिस्क पुसून प्रणाली बसवा’ असा पर्याय येतो. आभासी यंत्रात त्याने केवळ आभासी डिस्क पुसली जाते. परंतु प्रत्यक्ष संगणकावर हाच पर्याय निवडल्यास त्या डिस्कवरील सर्व नोंदी नाहीशा होतात. म्हणून प्रत्यक्ष स्थापनेपूर्वी नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे आणि ती प्रत उघडून पाहणे अनिवार्य मानावे.

चाचणीत काय पाहावे?

प्रणाली सुरू झाली, एवढ्याने काम संपत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी नीट टंकलिखित होते का, जुनी पत्रके उघडतात का, शासकीय संकेतस्थळे चालतात का आणि डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन ओळखले जाते का, हे तपासावे. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणालीही याच पद्धतीने पाहता येईल.

आभासी यंत्राची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आतील प्रणालीला दिसतात ते पडदा, ध्वनी व जाळ्याची जोडणी हे आभासी भाग. तेव्हा तेथे यश मिळाल्यावर पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता, तीच प्रणाली जुन्या संगणकावर चालवून प्रिंटर व इंटरनेट तपासावे. या दोन्ही कसोट्या उतरल्यानंतरच स्थापनेचा निर्णय घ्यावा. त्यामुळे चालू यंत्र विनाकारण बाद होणार नाही आणि गावाच्या नोंदीही सुरक्षित राहतील.