मेंदूची गंभीर दुखापत : जीव वाचल्यानंतरची दीर्घ वाटचाल

नवी दिल्ली : अपघातात डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर आला की संकट टळले, असे कुटुंबाला वाटते. वस्तुतः उपचारांचा दुसरा आणि अधिक प्रदीर्घ टप्पा तेथूनच सुरू होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, तर ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. जखमींपैकी किती जण पुन्हा पूर्ववत जगू लागले, हे या आकड्यांतून कळत नाही.

दुखापतीची तीव्रता ‘ग्लासगो कोमा स्केल’ने मोजली जाते. ग्रॅहॅम टीस्डेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण असल्यास दुखापत गंभीर मानली जाते.

पुनर्वसनाचा आरंभ रुग्ण शुद्धीवर येण्यापूर्वीच होतो. ठरावीक वेळाने कूस बदलणे, सांधे आखडू नयेत म्हणून हातापायांची हालचाल करून घेणे, शय्याव्रण आणि फुफ्फुसांचा संसर्ग टाळणे ही प्राथमिक कामे असतात. त्यानंतर गिळणे, बसणे, उभे राहणे, बोलणे या क्रिया नव्याने शिकाव्या लागतात. त्यासाठी भौतिकोपचार, व्यवसायोपचार, वाचा उपचार आणि मानसोपचार यांचे तज्ज्ञ एकत्रितपणे काम करतात. नष्ट झालेल्या चेतापेशी सहसा पुन्हा निर्माण होत नाहीत. मात्र सरावाने मेंदूतील शिल्लक जोडण्या बळकट होतात आणि काही कामे दुसरे भाग उचलून धरतात. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, तरी ती पुढेही काही वर्षे संथपणे सुरू राहू शकते.

शरीर सावरले तरी स्मरणशक्ती, एकाग्रता आणि स्वभाव यांत झालेला बदल अनेकदा टिकून राहतो. चिडचिड, उतावळेपणा किंवा निरिच्छता हा दुखापतीचाच परिणाम असतो. तो हट्ट किंवा आळस नव्हे. ही जाणीव नसल्यास घरात कलह वाढतो आणि शुश्रूषा करणारी व्यक्तीही खचते.

रस्ते अपघातग्रस्तांसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या रोखरहित उपचार योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत कमाल दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. जीव वाचविण्यासाठी हे साहाय्य मोलाचे आहे. पुनर्वसनाला मात्र महिने, कित्येकदा वर्षे लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मेंदूच्या दुखापतीचा स्वतंत्र उल्लेख नाही. तिच्यामुळे उद्भवलेले हालचालीचे, दृष्टीचे किंवा वाचेचे दिव्यांगत्व प्रमाणित करून घ्यावे लागते. चालता-बोलता येणाऱ्या, पण नोकरी वा व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या रुग्णाची अडचण त्यामुळे सहज नजरेस येत नाही.

बंगळुरू येथील ‘निम्हान्स’सारख्या संस्थेत मज्जासंस्था पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. लहान शहरांत आणि ग्रामीण भागांत मात्र बहुतांश भार कुटुंबावरच पडतो. म्हणून रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच व्यायाम, आहार, औषधे आणि फेरतपासणी यांची लेखी माहिती घेणे, तसेच शुश्रूषेचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मागणे, हे नातेवाइकांच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरते.