मेंदूची स्वयंदुरुस्ती आणि आपले कर्तव्य

एका डोळ्याने अंधुक दिसणे, डोळा हलविताना दुखणे, पायांना बधिरता, चालताना तोल जाणे. आणि काही आठवड्यांत हे सारे ओसरणे. असा पूर्ववृत्तांत सांगणारा तरुण रुग्ण कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी प्रथम आपणां वैद्यांकडेच येण्याचा संभव असतो. अशा वेळी मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीचा विचार मनात यावयास हवा. हा व्याधी भारतात अगदी विरळ, असा समज पूर्वी होता. परंतु मुंबईच्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात आढळतो, हे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिले.

चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्यावर आघात करते. शोथ होतो, आवरण झडते व संदेशवहन मंदावते. तथापि प्रौढ मेंदूतही काही पूर्वज पेशी शिल्लक असतात. त्यांपैकी काही मेंदूतील पोकळ्यांच्या भिंतीलगत वास करतात. असा शोथ निर्माण केलेल्या उंदरांत या पेशी वाढून क्षतस्थानाकडे जातात व मायलिन घडविणाऱ्या पेशींत रूपांतरित होतात, असे फ्रान्समधील संशोधकांना २००२ मध्ये दिसले. २००७ मध्ये रुग्णांच्या मेंदूच्या मरणोत्तर तपासणीतही या पेशी जागृत झाल्याचे आढळले. मात्र शोथ दीर्घकाळ टिकला, तर याच पेशींचे विभाजन मंदावते, असे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. जो शोथ दुरुस्तीस हाक देतो, तोच पुढे तिच्या आड येतो.

यातून आपणांस घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. व्याधीचा वेग ओसरला, तो बहुधा शोथ शमल्याने व मेंदूच्या स्वतःच्या प्रयत्नाने. त्या काळात दिलेल्या काढ्यास वा बस्तीस त्याचे श्रेय देणे शास्त्रास धरून नाही. ‘मज्जा’ या शब्दावरून मज्जाधातू म्हणजेच मायलिन असे समीकरण मांडणेही योग्य नव्हे. संहितांतील मज्जेचे स्थान अस्थींत आहे.

म्हणून संशयित रुग्णास विनाविलंब नागपूरच्या मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवावे व एमआरआय करवून घ्यावा. तेथे सुरू झालेले, वेगांची संख्या कमी करणारे औषध ‘बरे वाटते’ म्हणून बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. औषधालयचालकांनीही स्मरणात ठेवावे की, पक्षाघात व मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे.

आहार, निद्रा, मलमूत्राच्या तक्रारी, अंगाचा ताठरपणा व मनाचे धैर्य यांबाबत रुग्णास साहाय्य करण्यास आपणांस भरपूर वाव आहे. मेंदूच्या दुरुस्तीस मिळणारा अवधी आपल्या हातून वाया जाऊ नये, एवढीच आमची विनंती.