लक्षद्वीपची कयाक अन् आपला कारंजा जलाशय



आपली पोरं मोबाईलवर लक्षद्वीपचे व्हिडिओ बघतेत. निळंहिरवं पाणी, त्यात एकटा माणूस लांबट नाव वल्हवत चाललेला. एवढ्या दर्यात इतकी छोटी नाव टिकते कशी? याचं उत्तर आपल्या कामाचं आहे, म्हणून लिहितो.

त्या नावेला कयाक म्हणतेत. अरुंद, हलकी, इंजिन नाही. वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पातं. लक्षद्वीप कोचीपासून 220 ते 440 किलोमीटर लांब, भर समुद्रात. 36 बेटं, त्यातल्या 10 बेटांवर कायम वस्ती. जायला परवाना लागतो. कदमत, बंगाराम या बेटांवर पाहुण्यांना कयाक मिळते.

पण ती उघड्या समुद्रात नेत नाहीत. बेटाला लागून प्रवाळाचा कठडा असतो. मोठी लाट त्या कठड्यावरच फुटते. आतल्या उथळ, शांत पाण्यात कयाक फिरते. तिथले मच्छीमार टुना धरायला लागणारी जिवंत बारीक मासळीही याच पाण्यातून काढतेत. कठड्याला जिथं खिंड आहे, तिथून मात्र ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढतं. तिकडं जायचं नसतं.

म्हणजे छोटी नाव टिकते ती आडोशामुळं.

आता आपल्याकडं बघा. कारंजा जलाशयाला भरती-ओहोटी नाही, पण असा कठडाही नाही. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांब मिळेल, तितकी लाट वाढते. सगळ्यात फसवा असतो तो काठाकडून आत जाणारा वारा. काठावर उभं राहिलं की पाणी गुळगुळीत दिसतंय. आत जाल तशी लाट वाढते, अन् परत फिरलं की वारा तोंडावर. आपल्यातले कित्येक जण थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्यूबवर बसून जाळं टाकतेत. वारा ते सहज ढकलत नेतो. अफजलपूरकडं भीमेवर सोन्ना बॅरेज आहे. त्याच्या दारांजवळचं पाणी त्या खिंडीसारखंच ओढतं.

म्हणून कयाकवाले पाळतेत ते नियम आपणही पाळू:

1. लाईफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळायचे. नावेत ठेवलेलं जॅकेट कामाला येत नाही.
2. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीवर राहतो.
3. नाव उलटली तर तिला धरून राहायचं. काठ जवळ दिसला तरी पोहत सुटायचं नाही. नाव तरंगते, अन् लांबून दिसते.
4. एकट्यानं जायचं नाही. घरी परत यायची वेळ सांगून जायचं.
5. वळवाचे ढग दिसले, वीज चमकली की जाळं तिथंच सोडून काठ गाठायचा. जाळं परत घेता येतं.

उद्या शहरातली पोरं कयाक घेऊन आपल्या पाण्यावर आली, तर वारा कुठून आहे अन् कुठं जायचं नाही, हे त्यांना आपणच सांगावं. हे पाणी आपल्याइतकं त्यांना ठाऊक नाही.

घरातल्या बायामाणसांनाही हे वाचून दाखवा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा, नाहीतर कार्यालयात या.

– सचिव