लेडी ब्रॅकनेल : मावशी की मामी?
(शिष्टाचारप्रधान सुखात्मिकेतील सत्ताधारी स्त्री आणि मराठी नातेव्यवस्था)

प्रास्ताविक

उच्चभ्रू समाजाचे रीतिरिवाज, विवाहाचे व्यवहार आणि प्रतिष्ठेच्या कल्पना यांचा उपहास करणाऱ्या नाटकास ‘कॉमेडी ऑफ मॅनर्स’ अथवा शिष्टाचारप्रधान सुखात्मिका म्हणतात. या नाट्यप्रकारात वयाने ज्येष्ठ, करारी आणि प्रतिष्ठित स्त्री वारंवार भेटते. तरुणांचे प्रेम जुळलेले असते. तिची संमती तेवढी मिळावयाची राहिलेली असते. ऑस्कर वाइल्ड यांच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकातील लेडी ब्रॅकनेल ही या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध व्यक्तिरेखा होय. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले. तिच्या दराऱ्याचा उगम कशात आहे आणि ती मराठीत आणावयाची झाल्यास तिला कोणत्या नात्यात बसवावे लागेल, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दराऱ्याचा उगम

पहिल्या अंकात लेडी ब्रॅकनेल आपली कन्या ग्वेंडोलेन हिला मागणी घालणाऱ्या जॅकची वही-पेन्सिल घेऊन चौकशी करते. वय, उत्पन्न, जमीन, लंडनमधील घर, राजकीय मत असा तिच्या प्रश्नांचा क्रम आहे. सात-आठ हजार पौंडांचे वार्षिक उत्पन्न तिला समाधानकारक वाटते. परंतु जॅक हा व्हिक्टोरिया स्थानकाच्या सामानघरात एका हातपिशवीत सापडलेले मूल आहे हे समजताच ती विवाहास नकार देते. आपल्याकडील ‘मुलगा पाहण्याच्या’ कार्यक्रमाशी या प्रवेशाचे साम्य सहज ध्यानात येण्याजोगे आहे. स्थळाची माहिती विचारताना कुळाची खात्री करून घेणे, हा दोहोंचा गाभा आहे.

तिसऱ्या अंकात या कठोरपणाचे खरे स्वरूप उघड होते. सेसिलीच्या नावे एक लाख तीस हजार पौंड गुंतवलेले आहेत असे कळताच, जिच्याकडे ती संशयाने पाहत होती तीच मुलगी तिला आपल्या भाच्यास, अल्जर्ननला, योग्य वाटू लागते. त्याच ओघात, विवाहाच्या वेळी आपल्यापाशी काहीच संपत्ती नव्हती, हेही ती सांगून टाकते. म्हणजे ज्या दाराची ती राखण करते, त्या दारातून ती स्वतः रिकाम्या हाती आत आलेली आहे. तिची सत्ता लॉर्ड ब्रॅकनेल यांच्या नावावर आणि संमती देण्या-नाकारण्याच्या अधिकारावर उभी आहे. सेसिलीचा पालक म्हणून जॅक जेव्हा तोच अधिकार तिच्याविरुद्ध वापरतो, तेव्हा तिच्यापाशी उत्तर उरत नाही.

नात्याचा पेच

नाटकाच्या शेवटी मिस प्रिझम हिच्या कबुलीतून जॅक हा लेडी ब्रॅकनेलच्या बहिणीचा मुलगा ठरतो. इंग्रजीतील ‘आंट’ हा शब्द मावशी, आत्या, मामी आणि काकू या सर्वांना सामावून घेतो, त्यामुळे इंग्रज प्रेक्षकास येथे काहीच खटकत नाही. मराठीत मात्र लेडी ब्रॅकनेल ही जॅकची सख्खी मावशी होते आणि ग्वेंडोलेन त्याची मावसबहीण. मावसबहीण ही बहीणच मानली जात असल्याने सुखान्त ठरलेला हा विवाह मराठी प्रेक्षकाच्या लेखी निषिद्ध होईल. हिंदू विवाह कायद्यानेही (१९५५) दोन बहिणींची अपत्ये, तशी रूढी नसल्यास, निषिद्ध नात्यांत गणली आहेत.

तिला आत्या करूनही हा पेच सुटत नाही. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह मान्य, किंबहुना पसंत असतो. आत्याच्या मुलीशी मात्र तो सहसा मान्य नसतो. तेव्हा लेडी ब्रॅकनेलला मामी करणे हाच मार्ग उरतो. हा बदल व्यक्तिरेखेस अधिक अनुरूपही आहे. मामी ही त्या घराण्यात लग्न होऊन आलेली आणि पुढे तेथे कर्ती झालेली स्त्री असते. तिने नाकारलेला अनाथ तरुण तिच्याच नणंदेचा हरवलेला मुलगा निघाला, तर रूढीने मामेबहिणीवर त्याचाच पहिला हक्क ठरतो. जी रूढी ती इतरांना ऐकवीत होती, तीच तिला बांधून घालते.

‘मोरूची मावशी’

मराठी रंगभूमीवर या वर्गातील सर्वांत परिचित नाव आचार्य अत्रे यांच्या ‘मोरूची मावशी’ (१९४७) या नाटकात आढळते. ते ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ (१८९२) या इंग्रजी प्रहसनावर आधारलेले आहे. मूळ प्रहसनाचे लंडनमध्ये सलग १,४६६ प्रयोग झाले. त्यात धनाढ्य विधवा मावशी वेळेवर न आल्याने मित्रालाच तिचा वेश दिला जातो आणि तिच्या पैशावर डोळा ठेवणारा पालक आपल्या ताब्यातील मुलींच्या विवाहास लेखी संमती देऊन बसतो. येथे मोठ्या बाईचा अधिकार अक्षरशः अंगावर चढवलेला पोशाख आहे.

अत्र्यांच्या नाटकात ही भूमिका बापूराव माने यांनी आणि पुढे ‘सुयोग’च्या पुनरुज्जीवनात विजय चव्हाण यांनी गाजवली. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेत पुरुष विसरला जावा, अशी अपेक्षा असे. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून स्त्रियांची कामे स्त्रियांनी करणे रूढ होत गेले. त्यामुळे १९४७ च्या मावशीतील पुरुष प्रेक्षकाने क्षणभरही विसरू नये, यातच गंमत होती. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ ही म्हण येथे रंगमंचावर उभी राहते. लेडी ब्रॅकनेलची भूमिकाही जेफ्री रश (मेलबर्न, २०११) आणि डेव्हिड सुशे (लंडन, २०१५) या पुरुष नटांनी केली आहे.

या हास्याला एक कायदेशीर पार्श्वभूमीही आहे. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेस पतीच्या संपत्तीत मिळालेला हक्क मर्यादित होता. पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आली. म्हणजे १९४७ च्या प्रेक्षकगृहात बसलेल्या अनेक विधवांना पतीकडून आलेली मालमत्ता स्वेच्छेने विकता वा देता येत नव्हती. जिच्या पैशापुढे पुरुष झुकतात अशी बाई त्यांनी पाहिली, तीही पुरुषाने पांघरलेल्या लुगड्यात.

निष्कर्ष

लेडी ब्रॅकनेलला केवळ खाष्ट म्हातारी समजून हसणे अपुरे आहे. तिचा दरारा संपत्ती, कुळ आणि संमती यांच्या व्यवस्थेतून आलेला आहे. ती त्या व्यवस्थेची निर्माती नसून पहारेकरी आहे. ठाण्यात मानपाड्याच्या परिसरात काशिनाथ घाणेकर यांच्या नावाचे, तर कल्याणात अत्र्यांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे. या परिसरातील विद्यार्थी-रंगकर्मींनी वाइल्ड यांचे नाटक मराठीत आणताना संवादांच्या चमकदारपणाइतकेच नात्याच्या निवडीकडे लक्ष द्यावे. मामी हे नाते निवडल्यास नाटकातील विवाह मराठी प्रेक्षकास पटेल आणि त्या बाईच्या उसन्या सत्तेचे मूळही त्याला दिसेल.