फवारणी यंत्राचा स्पार्क प्लग

ऐन फवारणीत पेट्रोल यंत्र अडखळू लागले की शेतकरी बंधू प्लग बदलतात. परंतु आटे जुळणारा प्रत्येक प्लग त्या इंजिनास योग्य असतोच असे नाही. चिनी मातीचे आतील टोक लांब असलेला प्लग उष्णता धरून ठेवतो, तो ‘गरम’. आखूड टोकाचा तो ‘थंड’. गरजेहून गरम प्लगने इंजिन तापून दट्ट्यास भोकही पडू शकते, आणि त्या दुरुस्तीचा खर्च प्लगच्या किमतीच्या कित्येक पट होतो. येथे फसगत आकड्यांनी होते. एन.जी.के.च्या प्लगवरील आकडा जितका मोठा तितका प्लग थंड; बॉशचे याच्या नेमके उलट. सबब पुस्तिकेतील क्रमांकच मागावा.

फट बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. नवा प्लगही फीलर गेजने तपासावा व केवळ बाहेरील दांडी हलकेच वाकवावी. दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडण्यास अधिक विद्युतदाब लागतो, म्हणून फट वाढलेले यंत्र रिकामे नीट चालते, भार पडताच चुकते. टर्बो बसविलेल्या पेट्रोल मोटारींत हा दाब फारच मोठा. तेथे याच कारणाने फट कमी ठेवतात.

काढलेला प्लग फिकट तपकिरी असल्यास चिंता नाही. काळा व कोरडा दिसल्यास आधी हवेची गाळणी धुवावी.